कड्याखालची दादर

पिंपळदऱ्याच्या शिवारात ज्याच्या त्याच्या दादरीत राखणीचा माळा असे, फक्त मंजुळाबाईच्या दादरीत नसे. हिवाळ्याची ही ज्वारी निसवली, कणसात चीक भरला, की चाळीसगावच्या डोंगरातले पोपट थव्याथव्याने खाली उतरत. मग गावातल्या बायका तांबडं फुटायच्या आधी माळ्यावर चढत. गोफण फिरवून त्यांचे दंड सुजत आणि हाका घालून घसे असे बसत की घरी नवऱ्याशी भांडायलाही आवाज उरत नसे. मंजुळाबाईला यातलं काही करावं लागत नव्हतं. तिचं तीन बिघ्यांचं काळं रान थेट कड्याच्या पायथ्याशी होतं आणि कड्याच्या मध्यावर, एका कपारीत, दर हिवाळ्यात बहिरी ससाण्याचं जोडपं येऊन बसे. काळ्या डोक्याची, तांबड्या पोटाची बहिरी आभाळातून एकदा खाली सुटली की थव्यातला एक पोपट कमी झालेला असे. पोपट काही खुळे नसतात. ते शेजारच्या नथ्थूच्या दादरीत जात.

"तुले काय वं मंजुळा," बायका विहिरीवर म्हणत, "तुन्हा राखनदार वर बठेल शे."

मंजुळाबाई हसे. हसण्यासारखं तिच्या संसारात फार काही नव्हतं, पण एवढं होतं. कपाशी आली काय अन् गेली काय, ती बाजाराची. दादर घरची. नवरा, सासू आणि ती, तिघांची वर्षाची भाकरी आणि बैलजोडीचा वर्षाचा कडबा त्या तीन बिघ्यांत उभा असे.

एकोणनव्वद सालच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी ती वरच्या तुकड्यात पऱ्हाट्या उपटत होती. कपाशीची वेचणी संपली होती आणि रान मोकळं करायचं होतं. लोखंडी चिमट्यात पऱ्हाटीचं बुड धरायचं, कंबर मागे टाकायची आणि हिसका द्यायचा. शंभरएक हिसक्यांनंतर कंबर आपली राहत नाही. तळहाताला आलेले फोड फुटून चिमट्याची मूठ चिकट झाली होती. तेवढ्यात कड्याकडून ठण् ठण् असा आवाज यायला लागला. कुणी दगड फोडत असेल असं तिला वाटलं. मग बहिरी ओरडली. रोजचं ओरडणं नव्हे. चिडलेलं, न थांबणारं, कॅक कॅक कॅक. मंजुळाबाईने मान वर केली तर नर आणि मादी दोघं कपार सोडून गोल गोल फिरत होती, आणि कड्यावर दोराला लटकलेला एक माणूस हातोडीने खडकात खिळा ठोकत होता.

आणि मग तिने तिच्या जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. नथ्थूच्या बांधावरून एक हिरवा थवा उठला, थोडा घुटमळला आणि तिच्या दादरीत उतरला.

चिमटा टाकून ती पळाली. ओरडत, ढेकळं फेकत, पदर फडकवत तिने पोपट उठवले. धापा टाकत झोपडीपाशी आली तर तिचा नवरा अभिमन चुलीवर चहाचं पातेलं ठेवून बसला होता. समोर पाच जोड बूट आणि पाच पिशव्या ओळीने मांडलेल्या.

"कोन शेत ह्या?"

"जळगावनी पोरे शेत. मेहरूनकडली. डोंगर चढाना क्लब शे त्यास्ना." अभिमन खूष होता. "त्यास्ले वावरमाईन वाट दिधी मी."

"काबरं दिधी?"

"पाव्हना शेत ना. काका म्हनीसन हाक मारी त्यास्नी."

"बठ्ठं गाव तुम्हले काका म्हनस. बठ्ठास्ले देशात का वाट?"

अभिमनने चहात गूळ टाकला. पाहुण्याच्या विषयावर तो बायकोशी वाद घालत नसे, कारण त्याच्या मते तो वादाचा विषयच नव्हता. दारी आलेल्याला पाणी, चहा आणि मागेल ती वाट. सोयरा असो की सरकारी माणूस की घर चुकलेला भंगारवाला. मंजुळाबाईने या स्वभावापायी पंचवीस वर्षं भाकरी थापल्या होत्या.

दुपारी पोरं खाली उतरली. त्यांचा पुढारी बन्सीलाल, तिशीचा, कुठल्याशा बँकेत नोकरीला, बोलायला गोड. मंजुळाबाईने त्याला बांधावरच अडवलं आणि बहिरीचं, पोपटांचं, दादरीचं सगळं सांगितलं.

"काकू, आम्ही घरट्याच्या बाजूला जातच नाही," तो म्हणाला. "आमची चढाई तिथून चांगली पन्नास हात लांब आहे."

"तुम्ही नही जातस, तुम्हना हातोडाना आवाज जास ना!"

"पक्ष्याला सवय होते हो. आणि आमचाही इलाज नाही. मे महिन्यात हिमालयात जायचंय. अख्ख्या जिल्ह्यात असा सरळ कडा दुसरा नाही. इथे हात बसला नाही तर तिकडे पोरं पडतील." हे त्याने खरंच काळजीने सांगितलं. त्याच्या बोटांची टोकं सोलवटून लाल झाली होती, आणि ती बघून मंजुळाबाईला क्षणभर स्वतःचे तळहात आठवले. पण क्षणभरच.

"मंग दुसरा जिल्हा दखा," ती म्हणाली.

"काकू, कडा काही कुणाच्या मालकीचा नाही."

हे खरं होतं म्हणून तिला जास्त राग आला. वाट तिच्या वावरातून होती, पण ती अभिमनने दिली होती. एकदा दिलेली वाट परत घेणं म्हणजे ताटातली भाकरी उचलण्यासारखं, असं तो म्हणे. तिची सासू झुंबरबाई अंगणात खाटेवर ऊन खात पडलेली असे. ती एवढंच म्हणाली, "बहिरी उडनी का दादर गयी समज." म्हातारीला सगळं आधीच माहीत असे आणि त्याचा कधीच कुणाला उपयोग होत नसे.

पुढच्या रविवारी ठण् ठण् पुन्हा सुरू झालं. मंजुळाबाईने तेलाचा रिकामा डबा घेतला, काठी घेतली आणि दिवसभर दादरीच्या कडेने वाजवत फिरली. माळा बांधायला लाकूड नव्हतं, गोफण शेजारणीकडून उसनी आणली होती. तिला ती नीट फिरवता येईना; लागलीच नव्हती कधी. पहिलाच दगड मागे गेला आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर बसला. नथ्थूची बायको आपल्या माळ्यावरून बघत होती. ती हसली नाही, तोंडाला पदर लावला, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

सोमवारी बाजारात तिला चुडामण भेटला. चुडामण जंगल खात्यातला गार्ड, माहेरकडून लांबचा भाऊ लागायचा. तिने त्याच्यापुढे सगळं ओकलं. "तू सरकारना मानूस शे ना? मंग त्यास्ले बंद कर."

चुडामणने मनावर घेतलं. आजवर त्याने कुणाचंच काही मनावर घेतलं नव्हतं, हेच घेतलं. दोन दिवसांत तो धुळ्याच्या कॉलेजातल्या सुकदेव सरांना घेऊन आला. सर बारीक, उन्हाने करपलेले, गळ्यात दुर्बीण. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती तासभर काढली नाही. मादी अंडी घालून बसली होती. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मंजुळाबाईला वाकून नमस्कार केला. "तुमच्यामुळे ही जागा कळली हो ताई!"

आणि तिसऱ्या दिवशी चुडामणने कड्याखाली लाल फडकी बांधली. अख्ख्या पायथ्याने, तिच्या दादरीच्या अर्ध्यातून. फडक्यांच्या आत कुणी जायचं नाही, दोर लावायचा नाही, आवाज करायचा नाही.

"ताई, डबा वाजाडू नको," तो तिलाच म्हणाला. "साहेबस्ना हुकूम शे. अंडा शेत."

मंजुळाबाईने डबा खाली ठेवला नाही. "डबा वाजाडू नको, गोफन फिराऊ नको. मंग पोपटस्ले काय हात जोडू?"

"बहिरी शे ना पोपटस्ले."

"ती बठेल शे अंडास्वर! नर एकलाच वर फिरी राहिना, तो बी बिचकेल. पोपटस्ले समजी गयं ते. सरकारले काबरं समजत नही?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. चढणारे जळगावात आपल्या घरी झोपले होते, आणि जिने तक्रार केली तिलाच स्वतःच्या पिकात पाय टाकायला बंदी. ती रोज सकाळी फडक्याशी उभी राही आणि आतल्या अर्ध्या दादरीत पोपट उतरताना बघे. ते एक कणीस पुरतं खात नाहीत. चार दाणे फोडतात, टाकतात, पुढच्या ताटावर बसतात. तिला ओरडायचं असे आणि ओरडायचं नसे. हळू आवाजात शिव्या देण्याने पोपट उठत नाहीत, हे तिने करून पाहिलं.

रविवारी बन्सीलाल आणि त्याची पोरं आली. फडकी बघून त्यांची चुडामणशी जुंपली. सुकदेव सर धुळ्याहून पहिल्या गाडीने आलेच होते. सर म्हणाले, एवढी चार घरटी उरलीत जिल्ह्यात. बन्सीलाल म्हणाला, आमच्या पोरांचे जीव पक्ष्यापेक्षा स्वस्त का? चुडामण म्हणाला, माझी नोकरी. जो तो आपल्या परीने खरं बोलत होता आणि आवाज चढत होता, तोही नेमका फडक्यांच्या आत. मंजुळाबाई मध्ये पडली तर तिघेही तिलाच "थांबा हो काकू", "थांबा ताई" म्हणाले. दादरीचा विषय कुणीच काढला नाही.

तेव्हा अभिमन पुढे झाला. खानदेशात बांधाचं भांडण असो, सोयरिकीचं असो की पाण्याच्या पाळीचं, ते जिथे मिटतं तिथेच त्याने ते नेलं. "भांडन कितलंबी मोठं र्‍हावो, भरीतवर बठं का मिटस," तो म्हणाला. "येता रविवार बठ्ठा आठे कडाखालेच जेवाले या. समोर बहिरी दखाई, बोलाले सोपं जाई."

सरांना ही कल्पना फार आवडली. पक्षी डोळ्यांसमोर असला म्हणजे पोरांच्याही मनात माया उपजेल, असं ते म्हणाले. चुडामणला भरीत आवडे, तेवढ्यापुरता हुकूम तो विसरला. जागा ठरली: कड्याच्या पोटाशी उंबराखालची सपाट शिळा, बरोबर कपारीच्या खाली.

"विहीरवर करा," मंजुळाबाई म्हणाली. नेहमी तिथेच होत असे. पण तिच्या म्हणण्यात जोर नव्हता, हेही खरं. विहिरीवर पाणी होतं आणि तिला घागरी वाहाव्या लागल्या नसत्या, एवढाच तिचा हेतू होता. त्यापलीकडचं तिच्याही ध्यानात आलं नाही.

त्या रविवारी तिने डोक्यावरून हिरवी वांगी नेली, लसूण, मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे नेले, दोन घागरी नेल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ नेलं आणि पऱ्हाट्यांचा भारा नेला. तिनेच उपटलेल्या पऱ्हाट्या. भरीत गॅसवर होत नाही आणि चुलीवरही होत नाही. त्याला पऱ्हाट्यांचा मोकळा जाळ लागतो. पण या अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या आणि वर रात्रीचं दव बसलेलं. पोरांनी काड्या ओढून पाहिल्या, पेटेना. चुडामणने फुंकून डोळे लाल करून घेतले, पेटेना.

"व्हा बाजूले," मंजुळाबाई म्हणाली. ती खाली बसली, काटक्या उभ्या रचल्या, पदराने वारा घातला, गाल फुगवून फुंकली आणि पेटवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग सगळं अभिमनच्या मनासारखं झालं. सगळ्यांनी मिळून वांगी भाजली, सोलली. बन्सीलालने लाकडी बडगीत भरीत कुटलं. दोरावर कसलेल्या हातांनी ते लोण्यासारखं केलं. कुटता कुटता बोलणं निघालं आणि दोन घास पोटात गेल्यावर मिटलंसुद्धा. पोरांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, फक्त कड्याच्या उत्तरेच्या टोकाला चढायचं, हातोडी आणायची नाही. चुडामणने दादरीतली फडकी काढायची. सर दर आठवड्याला येऊन बघतील. बन्सीलालने स्वतःहून मंजुळाबाईकडे वळून सांगितलं, "काकू, तुमचं नुकसान झालं. चुकलं आमचं." तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्तच धरली. चला, निदान माणसं वाईट नव्हती.

भाकरी उलटताना धुराने डोळे चुरचुरले म्हणून तिने तोंड वर केलं, तेव्हा तिला दिसलं. वारा मुळीच नव्हता. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर, पांढरा, दाट, कड्याला चिकटून सरळ वर चढला होता आणि कपारीत भरून बसला होता. किती वेळ, कोण जाणे. बहिरी आत नव्हती. दोन्ही पाखरं खूप उंच, ठिपक्याएवढी झाली होती आणि ओरडतही नव्हती.

तिने घागर उचलून जाळावर ओतली. ती चूक झाली. त्याने आणखी मोठा ढग उठला. मग सगळेच उठले, पायांनी माती लोटू लागले, सर हातातली भाकरी तशीच धरून "हळू! आवाज नको!" म्हणून ओरडू लागले. अभिमन भरिताच्या बडगीवर झाकण ठेवत होता, राख पडू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत बहिरी परतली नाही. सर दुर्बीण लावून बसून राहिले आणि शेवटच्या गाडीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई एकटी कड्याखाली गेली. कपारीत तीन कावळे होते. त्यातला एक चोच दगडावर पुसत होता.

ती तिथेच त्या विझलेल्या राखेशी बसली आणि मोठ्याने रडली. बंदी होती, पण आता ओरडून काय बिघडणार होतं? पोरांवर रागावता येत नव्हतं, ती तर माफी मागून गेली होती. चुडामणवर नाही, सरांवर नाही. नवऱ्यावर रागवायची तिला इतकी सवय होती की त्यात आता काही उरलं नव्हतं. जाळ तिने स्वतः पेटवला होता. सगळ्यांना जमलं नाही ते तिला जमलं होतं.

त्या आठवड्यात पोपटांनी दादर धरली. आता त्यांना कसली भीती. तिने आणि अभिमनने चार दिवस डबा वाजवला, गोफण फिरवली, रात्री झुंबरबाईने दोघांच्या खांद्यांना गरम तेल चोळलं. एका टोकाने उठवलेला थवा दुसऱ्या टोकाला बसे. वरच्या बाजूची कणसं बघता बघता पांढरी, पोकळ झाली.

शनिवारी चुडामण आला आणि फडकी सोडून गोळा करू लागला. त्याच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्याची कळा होती.

"पाखरूच नही ते बंदी कसानी? वर कळाडी दिधं मी. उठनी बंदी."

रविवारी पोरं आली. बन्सीलाल झोपडीपाशी थांबला, बूट काढले. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, पण त्याच्या मागे चौघांनी दोर खांद्यावर घेतले होते आणि त्यांचे डोळे कड्यावर होते.

"काकू, बंदी उठली म्हणतात. मधल्या भिंतीने जाऊ का? तुम्ही म्हणाल तर... आणि हे बघा, आम्ही ठरवलंय, दर रविवारी दोघंजण खाली थांबून पोपट हाकलतील."

मंजुळाबाई विळ्याला धार लावत होती. तिने मान वर केली.

"पोपट काय रविवार दखीसन येतस का रे भाऊ?"

तिने धारेवरून बोट फिरवलं. "जाय," ती म्हणाली, "चढ. आते कोनले तरी उपेग होऊ दे त्या कडाना."

पोरं गेली. ती विळा घेऊन दादरीत शिरली. कणसं अजून हुरड्यात होती. नखाने दाबलं तर दाणा फुटून बोटाला लागे. पिकायला महिना तरी हवा होता आणि पोपट महिना देणार नव्हते. आता कापली तर निदान कडबा हिरवा, गोड मिळेल, बैल जगतील. भाकरीचं पुढे बघू. पहिलं ताट तिने मुठीत धरलं, बुडाशी विळा लावला आणि ओढला. तेवढ्यासाठी तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

अभिमन मागून आला. कापलेल्या ताटांच्या ढिगातलं एक दुधाळ कणीस उचलून त्याने तळहातावर चोळलं.

"इतला हुरडा वाया जाई," तो म्हणाला. "त्या पोरेस्ले हाका मारू का? उतरनात म्हंजे खातीन."

मंजुळाबाईचा विळा थांबला. तिला वाटलं आपण आता याच्या अंगावर धावून जाऊ. पण त्याचा चेहरा पाहिला तर त्याचेही डोळे भरलेले. त्याला दुसरं काही येत नव्हतं, एवढंच.

"मारा हाका," ती म्हणाली. "पन आगटी तुम्ही पेटाडा. मन्हा हात आते काडीले लागाव नही."

अभिमन तिच्या शेजारच्या ओळीत बसला आणि कापू लागला. थोड्या वेळाने वरून, कड्याच्या मधल्या भिंतीवरून, आरोळी आली, "काका, पोचलो! काका!" अभिमनचा हात सवयीने वर गेला. मग त्याने तो खाली आणला आणि पुढच्या ताटाला घातला.